‘जुळता’मधला त

४ जून

प्रिय ताई,

सर्वप्रथम एक गंभीर बाब नोंदवून ठेवतो. पोस्टात मिळणाऱ्या पाकिटांना डिंक लावणं बंद झालं आहे. डिंकाच्या जागी डिंकाच्या स्मरणार्थ एक चकचकीत पट्टी असते. ती मी काल चाटली, उलट बाजूने चाटली, किटलीच्या वाफेवर धरली आणि शेवटी तिच्यावर शब्दकोशाचे दोन खंड ठेवून झोपलो. सकाळी पाकीट उघडंच होतं, फक्त शब्दकोशाला चिकटलेलं. चार पायांवरून दोन पायांवर येऊन, मोकळ्या झालेल्या दोन हातांनी माणसाला एक पाकीट बंद करता येऊ नये, याची दाद कुणाकडे मागायची, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "गेली नऊ वर्षं पाकिटांना डिंक होता. तेव्हा ताईंना का नाही लिहिलंस?"

बाई कमी बोलतात, पण नेम चुकत नाही. तर हे पाकीट चिकटपट्टीने बंद केलं आहे. उघडताना नखं जप.

आता कामाचं. आपल्या पुस्तकाची (‘माझ्या’ लिहून खोडलं आहे, दिसतंय ते तसंच राहू दे) दुसरी आवृत्ती निघते आहे. जीव बदलत आले आहेत ही साधी गोष्ट माणसाच्या डोक्यात शिरायला दोन हजार वर्षं का लागली, हे वाचायला अजून लोक तयार आहेत, याचं प्रकाशकांना आश्चर्य आहे आणि मला दुःख नाही. मंडळी होती तिथेच आहेत: जिराफकाका, दाढीआजोबा, बेटावरचे मामा, वाटाणेबुवा. पुस्तकात त्यांची खरी नावं आहेत, पण लिहिताना माझ्या डोक्यात तू ठेवलेलीच नावं असतात. मी आठ वर्षांचा होतो, तू संग्रहालयात नुकतीच लागली होतीस. तू मेलेल्या पक्ष्यांच्या पायाला बांधायच्या चिठ्ठ्या लिहायचीस आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून खण उघडायचो. खणात कबुतरं ओळीने उताणी झोपलेली. फुगीर छातीची, पंख्यासारख्या शेपटीची, पायांत मोजे घातल्यासारखी. तू सांगायचीस, ही सगळी एकाच रानकबुतराची पोरं, आणि हे दाढीआजोबांनी स्वतः कबुतरं पाळून ओळखलं. पुढे कित्येक वर्षं मला हे आजोबा आईकडचे वाटत होते.

विनंती एवढीच, की प्रुफं एकदा नजरेखालून घालावीस. पान एकशे बेचाळीसवरचा तो शब्द या वेळी बदलायचा आहेच, तेव्हा त्याबद्दल वेगळं लिहीत नाही.

तुझा
टोच्या


१९ जून

प्रिय ताई,

माझं पत्र मला परत मिळालं, पेन्सिलीने तपासलेलं. पाकिटाच्या परिच्छेदाला उभी रेघ आणि बाजूला ‘पाल्हाळ’. ‘दुःख नाही’च्या पुढे प्रश्नचिन्ह. तळाशी दोन ओळी: ‘तक्रारीने सुरू झालेल्या पत्रात खरं काम शेवटच्या ओळीत लपवलेलं असतं. पान एकशे बेचाळीसबद्दल वेगळं लिही.’

नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. मुंगीच्या पायाला चिठ्ठी बांधता येईल एवढं बारीक, आणि एक अक्षर दुसऱ्यासारखं दिसेल तर शपथ.

तर वेगळं लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं तुला हवं आहे असं दिसतं.

माझं मूळ वाक्य होतं: ‘निसर्गात जो बळकट, तो टिकतो.’ तू हस्तलिखित वाचलंस, ‘बळकट’वर काट मारलीस आणि समासात एक शब्द लिहिलास. पुस्तक छापून आलं तेव्हा वाक्य असं होतं: ‘निसर्गात जो जुळा, तो टिकतो.’

तुला म्हणायचं होतं ‘जुळता’. आजूबाजूच्या परिस्थितीशी जुळता. पुस्तकाचा कणाच तो, आणि त्यातला एक त पडला.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. शास्त्राच्या लोकांनी पुस्तक वाचलं नाही, म्हणून त्यांच्या काही लक्षात आलं नाही. ते जुळ्यांच्या आयांनी वाचलं. एकीने लिहिलं, ‘सासरचे म्हणायचे, दोन एकदम म्हणजे दोन्ही अर्धवट. तुमचं पान फ्रेम करून लावलं आहे.’ मग जुळ्यांचा संघ माझ्या दारात उभा राहिला. अध्यक्ष अर्थातच दोन.

"आम्हाला तुमचा," पहिले म्हणाले.

"सत्कार करायचाय," दुसरे म्हणाले.

"पण मी जुळा नाही हो."

"त्यात तुमचा," पहिले.

"काय दोष?" दुसरे.

इतक्या प्रेमाने बोलावलेल्या ठिकाणी माणूस चूक सांगायला जात नाही, फुलं घ्यायला जातो. मी गेलो. तुलाही मीच आग्रहाने बोलावलं. भाषण बरं झालं. मग प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक मास्तर उठले. सडपातळ, कोटाच्या खिशावर खडूचा हात उमटलेला. म्हणाले, "एक शंका आहे. या वाक्यात जुळ्याचा काय संबंध? मागच्या-पुढच्या ओळींशी तो शब्द बसत नाही."

दीडशे जोड्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "मास्तर, हस्तलिखितावरून आमच्या ताईंनी हात फिरवला होता. त्या संग्रहालयात मेलेल्या प्राण्यांच्या चिठ्ठ्या लिहितात. मेलेले प्राणी अक्षराबद्दल तक्रार करत नाहीत."

हशा झाला. जुळ्यांच्या सभेत हशाही दुहेरी येतो. मास्तर खाली बसले. तू तिसऱ्या रांगेत होतीस. पिशवी उचललीस आणि बाहेर गेलीस. मला वाटलं, पाणी प्यायला गेलीस.

‘अजूनही तसंच वाटतं’ असं लिहिणार होतो. पेन्सिल आठवली, म्हणून लिहीत नाही.

टोच्या


३ जुलै

ताई,

तुझं कार्ड मी जिन्यात, पत्रपेटीपाशी उभा राहून वाचलं. तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा ते दुसऱ्या कुणाला लिहिलं आहे असं वाटलं.

‘पुढचं तुला अर्धं माहीत आहे, हे उलट आहे. अर्धं तुला माहीत नाही. सभेला आमचे नवे साहेब आले होते. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्यांचं काम मशीनकडे गेलं. मशीनचं अक्षर चांगलं आहे. ते जिराफाला जीराफ लिहितं. शेवटची सहा वर्षं मी दारावर तिकिटं फाडली.’

एवढंच. पाल्हाळ नाही.

मला हे कुणी सांगितलं नाही, असं म्हणणार होतो. पण मी कुणाला विचारलं होतं? पेपरातल्या सदरात मी जगाला जाब विचारतो, दर आठवड्याला, पाचशे शब्दांत. बहिणीला ‘कशी आहेस’ एवढे दोन शब्द विचारायला मला पाकिटाच्या डिंकाचं निमित्त लागलं.

आता तू पेन्सिल घेऊन बसलीच आहेस, तर हेही वाच. तुझ्या अक्षराचा तो विनोद मी एकदा केला नाही. जिथे जिथे भाषणाला गेलो तिथे तिथे केला. चाळीसेक वेळा तरी. दर वेळी तो थोडा सुधारत गेला. सुरुवातीला नुसते ‘मेलेले प्राणी’ होते, नंतर त्यात एक मेलेला पोपट आला आणि तो तक्रार करायचा. लोक डोळे पुसायचे.

आणि मंगळवारी, म्हणजे तुझं कार्ड येण्याच्या दोन दिवस आधी, प्रकाशकांनी बोलावलं होतं. कचेरीत पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत त्यांच्या खुर्चीपर्यंत जावं लागतं. पोचल्यावर म्हणाले, "अहो, सगळं दुरुस्त करा, पण तो जुळ्याचा किस्सा प्रस्तावनेत हवाच. ताईंचं अक्षर, पोपट, सगळं. लोक पुस्तक विसरलेत, किस्सा विसरले नाहीत."

"बघतो," मी म्हणालो.

बघतो म्हणजे घरी येऊन लिहिली. चार पानं, पाच ठिकाणी हमखास हशा. बायकोला वाचायला दिली. ती वाचून झाल्यावर पानं नीट जुळवून परत देत म्हणाली, "चांगली आहे. यात ताई कुठे आहेत?"

"हे काय, पहिल्याच ओळीत."

"ते त्यांचं अक्षर आहे. ताई कुठे आहेत?"

आज सकाळी तुझं कार्ड आलं. मी प्रकाशकांना फोन केला आणि दोन दिवसांची मुदत मागितली. म्हणजे नाही म्हणालो नाही. हे खोडत नाही.

गंमत बघ, त्या ‘जुळा’ने तरी वंश वाढवला आहे. परीक्षेच्या तीन गाइडांनी माझं पुस्तक न सांगता उचललं, तिघांतही ‘जुळा’ तसाच उतरलाय. दोन प्राण्यांत एकच निरुपयोगी हाड सापडलं तर पूर्वज एक समजावा, असं तू शिकवलं होतंस. माझा वंश त्या हाडावरून ओळखू येतो.

टोच्या


११ जुलै

ताई,

सोबत एका पानाची झेरॉक्स आहे. आधी ती बघ, मग हे वाच.

दोन दिवसांची मुदत मी कपाटं उपसण्यात घालवली. खरं सांगायचं तर तुझं अक्षर वाईट असल्याचा पुरावा शोधत होतो. तो हातात असता, तर प्रस्तावना जिवंत राहिली असती. हस्तलिखित माळ्यावरच्या खोक्यात, माझ्याच फाइलीत सापडलं. पान एकशे बेचाळीस. ‘बळकट’वर तुझी एक सरळ काट. समासात तुझा शब्द. जु स्पष्ट. ळ स्पष्ट. मग एक गोल भोक. भोकापलीकडे काना, आणि डोक्यावरची रेघ भोकाच्या या काठाशी तुटून त्या काठावरून पुढे चालू झालेली.

पंच मशीनचं भोक आहे ते. पानं फाइलीत लावायला मीच पाडलं. मला तो दिवस आठवतो, कारण मशीनचं पोट उघडून कागदाच्या बारीक टिकल्या सतरंजीवर सांडल्या होत्या आणि बायको मला झाडू देऊन बाहेर गेली होती. तुझा त त्यात होता. मी तो केरात भरला.

इथे थांबलो असतो तर गोष्ट बरी दिसली असती. अपघात झाला, यंत्राने अक्षर खाल्लं, भाऊ बिचारा. पण पुढचं बायकोलाही माहीत नाही.

प्रुफं मी स्वतः वाचली होती. ‘जुळा’पाशी थांबलो होतो. पेन उचललं होतं. शब्द चुकीचा आहे हे मला कळलं होतं, ताई. फोन टेबलावरच होता. पण ‘बळकट’वरची ती काट मला लागली होती. तेव्हा माझं सदर ऐन भरात होतं, माझ्या वाक्यावाक्याला लोक वाहवा म्हणत होते, आणि तू एका रेघेत माझं सगळ्यात आवडतं वाक्य निकालात काढलंस. म्हटलं, तिने लिहिलंय ना, छापू दे तिचंच. चूक निघाली तर तिची निघेल. त पंचने खाल्ला. ‘जुळा’ मी छापला.

याहून वाईट असं, की त्याच पानाच्या मागच्या बाजूला मी त्या दोघांची गोष्ट लिहिली आहे. बेटावरचे मामा दूर कुठल्याशा बेटावर तापाने फणफणलेले, आणि त्या तापात त्यांना तेच सुचतं जे घेऊन दाढीआजोबा वीस वर्षं घरात बसलेले आहेत. मामा ते पत्रातून आजोबांनाच कळवतात. आजोबांना वाटतं, आपलं सगळं गेलं. पत्र चुलीत घातलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण त्यांनी ते मित्रांच्या हाती दिलं, आणि दोघांचं लेखन एकाच बैठकीत वाचलं गेलं. पुढे मामांनी कळवलं, तुमचा ‘निवड’ हा शब्द घोटाळ्याचा आहे, लोक विचारतात निवडणारा कोण. एवढंच नाही, आजोबांच्या पुस्तकाच्या स्वतःच्या प्रतीत मामांनी तो शब्द खोडून वर ‘जो जुळता तो टिकतो’ अशा अर्थाचा दुसरा लिहिला. आणि आजोबांनी तो दुसरा शब्दही नंतरच्या आवृत्तीत घेतला. त्याचा अर्थ लोकांनी ‘बळकट’ असा लावला हे वेगळं. मीही तसाच लावला होता, म्हणून तर तू काट मारलीस.

आजोबा काट मारली म्हणून रुसले नाहीत. मी एका शब्दासाठी नऊ वर्षं रुसलो, आणि तू रुसली आहेस असं सगळ्यांना सांगत फिरलो.

प्रकाशकांना किस्सा मिळणार नाही असं कळवलं.

"मग प्रस्तावनेत टाकू काय?"

"माफी."

"माफी कोण वाचतं हो?"

"एक जण वाचेल. पेन्सिल घेऊन."

टोच्या


२ ऑगस्ट

प्रिय ताई,

कालचा फोन लिहून काढतो, कारण तो या टोकाला कसा ऐकू आला हे तुला माहीत नाही. या टोकाला एक माणूस नऊ वर्षांनी बहिणीचा आवाज ऐकत होता, आणि आवाज म्हणाला, "पान सत्तावन्न काढ."

मी काढलं.

"जिराफकाकांनी मान ताणून ताणून जिराफ केला, असं लिहून अख्खं पान हशा घेतला आहेस. त्यांच्या ग्रंथात जिराफ किती आहे?"

"थोडाच. काही ओळी."

"बाकीच्या ग्रंथात काय आहे?"

"जीव बदलत जातात, हे सगळं."

"इतक्या लवकर, इतकं ठासून. ते तू कुठे टाकलंस?"

"छप्पन्नवर." मग खरं सांगितलं, "तळटीपेत."

"म्हातारपणी दृष्टी गेली. लेक वाचून दाखवायची. मेल्यावर एका सहकाऱ्याने श्रद्धांजली लिहिली, अशी टोचून टोचून, की पुढची शंभर वर्षं लोकांना माणूस आठवला तो त्या टवाळीतूनच. हे सहकारी काही लहान नव्हते. चार हाडं बघून प्राणी सांगायचे. फार मोठा माणूस. ती एक श्रद्धांजली तेवढी लिहायला नको होती."

मी पान सत्तावन्नचा कोपरा दुमडला.

"ऐकतोयस ना?"

"हो."

"मी जिराफाबद्दल बोलते आहे."

"मला वाटलंच."

तू हसलीस का, हे मला नक्की सांगता येणार नाही. फोनमध्ये खरखर होती. मी ती हसण्यात जमा केली आहे.

मग तू म्हणालीस, प्रस्तावनेतली माफीची तीन पानं मी काढून टाकली आहेत, पुस्तक लोक जिवांबद्दल वाचायला घेतात, तुझ्याबद्दल नाही. मी विचारलं, मग मी काय करू? तुझं उत्तर मी काचेवरच्या वाफेत बोटाने लिहिलेल्या अक्षरांसारखं बघत बसलो आहे. "मला काय माफी मागतोस? मी उठून जाऊ शकले. त्या मास्तरांनी नीट वाचून नीट प्रश्न विचारला होता, आणि तीनशे माणसांनी त्यांना हसून खाली बसवलं. त्यांना उत्तर दे."

ताई, मी लोकांची टर उडवून पोट भरतो. आयुष्यात एकच पुस्तक असं लिहिलं ज्यात मला कुणाबद्दल तरी खरोखर आदर वाटत होता, आणि तो आदर तुझ्या शेजारच्या स्टुलावर बसून मिळालेला आहे. तू म्हणायचीस, ‘उत्क्रांती’ या शब्दातल्या त्या ‘उत्’ने सगळा घोळ केला, लोकांना शिडी दिसायला लागली. शिडी नाही, झाड आहे. आपण एका फांदीच्या टोकाला आणि झुरळ त्याच्या फांदीच्या टोकाला, दोघंही तितकीच जुनी. त्या दिवसापासून मी झुरळ मारतो, पण त्याला कमी लेखत नाही. वाटाणेबुवांचा निबंध चौतीस-पस्तीस वर्षं कुणी मनावर घेतला नाही, हे सांगताना तुझा आवाज बारीक व्हायचा. मला वाटायचं, हिला बुवांचं एवढं काय? आता कळतं, की स्वच्छ अक्षरात बरोबर लिहून ठेवायचं आणि कुणी वाचेल याची वाट बघायची, हेच तुझं काम होतं.

हे सगळं तू मला दिलंस आणि कधी नाव घातलं नाहीस. मी त्याला माझं नाव घातलं, आणि एकच शब्द तुझ्या नावावर टाकला, तोही चुकीचा. यापुढे पहिल्या पानावर दोन नावं असतील, तुझं आधी. प्रकाशकांना सांगून झालं आहे. यावर पेन्सिल चालवलीस तरी ऐकणार नाही. तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, कारण मी सराव टोमण्यांचा केला. पण पान सत्तावन्न नव्याने लिहिलं आहे, सोबत पाठवतो. हशा एकही नाही. वाईट लिहिलं असेल तर काट मार. मी पंच मशीन शेजाऱ्यांना देऊन टाकलं आहे.

रविवारी ये. बायको म्हणते, ताई येणार असतील तर तू कमी बोल.

तुझा
टोच्या


५ ऑगस्ट

आदरणीय मास्तर,

तुमचा पत्ता जुळ्यांच्या संघाच्या अध्यक्षांकडून मिळाला. घराचा क्रमांक एकांनी सांगितला, रस्ता दुसऱ्यांनी.

नऊ वर्षांपूर्वी संघाच्या सभेत तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. माझ्या पुस्तकात ‘निसर्गात जो जुळा, तो टिकतो’ असं वाक्य आहे, त्यात जुळ्याचा संबंध काय, असा. मी तेव्हा एक विनोद केला. उत्तर दिलं नव्हतं.

उत्तर असं आहे: काहीही संबंध नाही. तिथे ‘जुळता’ हा शब्द हवा. माझ्या बहिणीने तो स्वच्छ अक्षरात लिहून दिला होता. चूक माझी, आणि ती छापण्यापूर्वी माझ्या लक्षात आली होती.

तुमची शंका बरोबर होती.